सव्वाअकराचं पाणी

पहाटेचे साडेपाच. चेंबूर. तुमच्या हातात दोन मुठींचा पोकळ लोखंडी नळा आहे. पायाखालचं गवत इतकं बारीक कापलेलं, की तळहात फिरवला तर नुकत्याच दाढी केलेल्या गालासारखं लागतं. बांबूची लांब काठी फिरवून दव पाडून झालंय, कारण दव राहिलं की ग्रीनला बुरशी धरते. आता कालचा कप बुजवायचा आणि आजचा कापायचा. नळा सरळ धरायचा, दाबायचा, फिरवायचा, पुन्हा दाबायचा. भोकाचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे 108 मिलिमीटर. जगातल्या कुठल्याही मैदानावर गेलात तरी तेवढाच. नळ्यातून मातीची जी गुंडी निघते ती कालच्या भोकात बसवायची, टाचेने दाबायची, वरून पाणी शिंपायचं. नीट जमलं तर दोन तासांनी खेळायला येणाऱ्या साहेबाला कालचा कप कुठे होता ते दाखवता येत नाही. तुमच्या धंद्यात हेच कौतुक. कुणाच्या काही लक्षात आलं नाही, म्हणजे काम चांगलं झालं.

साल 1988 धरा. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब इथे 1927 पासून आहे आणि तुम्ही बारा वर्षांपासून. गाव कुठलं विचारलं तर तुम्ही पेण सांगता. गडब सांगितलं की पुढे रस्ता सांगत बसावं लागतं: वडखळ सोडायचं, डोलवीच्या पुढे, कासूच्या अलीकडे, गोवा हायवेला लागून. पेण म्हटलं की समोरचा खूष होऊन "गणपती!" म्हणतो आणि विषय संपतो. तुमच्या घरात मात्र गणपती कुणी घडवले नाहीत. तुमच्या घराने खार राखली. हे सांगायला गेलं तर गोवा हायवेपेक्षा लांबचा रस्ता सांगावा लागेल, म्हणून तुम्ही ते कुणाला सांगितलेलं नाही.

मुकादमाला मात्र शंका आहे. नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात तुम्ही एका ग्रीनच्या कडेला थांबलात आणि म्हणालात, इथे खालून पाणी चाललंय. वर काही दिसत नव्हतं. खणलं तर निचऱ्याचा पाइप फुटलेला. "तुला कसं कळलं?" तुम्ही टाच दाखवलीत. ओल टाचेला आधी कळते, डोळ्याला मागून.

जाता जाता एक सांगतो. हा खेळ समुद्राकाठच्या ज्या जमिनीत वाढला ती स्कॉटलंडमधली जमीनही अशीच कुणाला नको असलेली होती. वाळू, खारा वारा, नांगर धरायची सोय नाही. सेंट अँड्र्यूजला टॉम मॉरिस नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकात जवळजवळ चार दशकं तिथलं गवत राखलं, वाळू टाकून टाकून. तिकडे समुद्राकाठच्या टाकाऊ जमिनीवर खेळ उभा राहिला. तुमच्याकडे तसल्याच जमिनीतून भात काढलं. राखणदाराची नजर दोन्हीकडे एकच लागते, पगारात मात्र फरक असावा.

आता पुढे या. तुम्ही निवृत्त झालात, गडबला परतलात, आणि अजूनही चारला जाग येते. चाळीस वर्षांची सवय. आषाढातली अमावास्या, पाऊस उघडलेला. तुम्ही बॅटरी घेऊन शेतांच्या पलीकडे जाता, जिथे जमीन संपते आणि बाहेरकाठा सुरू होतो. बाहेरकाठा म्हणजे खाडी आणि शेत यांच्यामधला मातीचा बांध. डाव्या हाताला धरमतर खाडी, उजव्या हाताला भात. दोन्हींच्या पातळीत जो फरक आहे, त्यावर गाव जगतं.

भरतीचा हिशेब तुम्हाला तोंडपाठ आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पाणी पूर्ण. अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. खाडीत आत पाणी जरा उशिरा पोचतं, पण अंदाजाला एवढं पुरतं. म्हणून मोठं उधाण कधीही अडनिड्या वेळी येत नाही. ते एकदा दुपारच्या सुमाराला येतं, एकदा मध्यरात्रीच्या. पावसाळ्यात दुपारचं मोठं, थंडीत रात्रीचं. देवाने एवढी तरी दया केली आहे, की ज्या दिवसांत बांध पावसाने मऊ झालेला असतो त्या दिवसांत मोठं पाणी उजेडात येतं.

पहाटेचे चार वाजून गेलेत, म्हणजे पाणी ओसरतंय. उघाडीच्या दारातून शेतातलं पावसाचं पाणी खाडीकडे धावतंय. ओहोटीला दार आपोआप उघडतं, भरतीला खाडीच्या दाबाने आपोआप मिटतं. हीच ती उघाडी. तुम्ही तिच्या कठड्याला टेकता आणि पाण्याकडे बघत राहता. ओहोटी ओढते. हायवेवरच्या ट्रकचे दिवे विझतात. मग हायवेच विझतो. डोलवीच्या आकाशातला नारिंगी उजेड निघून जातो, विजेचे खांब जातात, कौलं जाऊन पेंढा येतो, आणि ओहोटी शेवटाला लागते तेव्हा तुमच्या पायाखाली बांधच उरत नाही.

तुम्ही चिखलात मांडीपर्यंत उभे आहात. अठराव्या शतकाचा उत्तरार्ध. समोर फक्त खाजण: तिवरं, निवट्या, आणि चिखलाचा तो वास जो तुमच्या काळापर्यंत बदलणार नाही. वीसेक माणसं खुंट ठोकताहेत. कुणीतरी कौल मिळवला आहे: समुद्र हटवून जमीन काढा, पहिली काही वर्षं सारा माफ, मग इस्ताव्याने थोडा थोडा चढत जाईल. ज्याने भांडवल घातलं आणि बाहेरचा बांध राखायचं पत्करलं तो शिलोत्रदार. कुळं त्याला खंडाशिवाय वेगळं भात देणार, बांधाच्या राखणीचं. ही व्यवस्था इथे इंग्रज येऊन गेल्यावरही टिकणार आहे.

बांध दोन्ही टोकांकडून पुढे येतोय आणि मध्ये एक फट उरली आहे. ती आज बुजवायची नाही. उद्याही नाही. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी येतं, चढत नाही आणि उतरतही नाही फारसं, तेव्हा. समुद्राशी भांडायचं तर तो पेंगत असताना भांडायचं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. फट बुजल्यावर आतल्या जमिनीत लगेच काही येणार नाही. एक पावसाळा मीठ धुऊन नेईल, दुसरा आणखी थोडं. मग गवत येईल, मग कधीतरी रातं भात, लालसर तांदळाचं, खारट मातीतही तग धरणारं. खुंट ठोकणाऱ्यांपैकी काही जण ते भात बघायला उरणार नाहीत. तुम्ही त्यांची तोंडं नीट बघायचा प्रयत्न करता, कुठे आपल्या नाकाची ठेवण दिसते का म्हणून. अंधार आहे, आणि सगळे चिखलाने सारखे झालेले आहेत.

पाणी उलटतं. भरती लागते, आणि ती तुम्हाला उचलून पुढे आणते.

वैशाख, 1934. पायाखाली बांध आहे. ऊन असं, की बांधाच्या माथ्यावरची माती तडकून तिच्या भेगांत बोट जातं. आज जोळ आहे. घरटी एक माणूस, न चुकता. ज्याच्या घरी पुरुष नाही तिथली बाई आली आहे. पावसाच्या आधी बाहेरकाठा अंगठ्यापासून कोपरापर्यंत उंच करायचा, खचलेला भाग भरायचा, बिळं मारायची. खाजणातून चिखलाचे लादे कापले जाताहेत आणि माणसांच्या रांगेतून हातोहात वर चढताहेत. कुणी मोजत नाही. मोजायची गरज नाही; ज्याने हात आखडला त्याचं नाव संध्याकाळी गावात फिरतं.

"पावन्या, बगतोस काय? हात लाव."

बोलणारा चौतीसेक वर्षांचा, उघडा, कमरेला रुमाल. त्याची डावी भुवई मध्ये तुटलेली. तुमचीही तशीच आहे. तुमच्या बापाचीही होती. तुम्ही हात लावता.

दुपारी तो तुम्हाला बांधाच्या आतल्या अंगाला घेऊन जातो आणि एक जागा दाखवतो. तुम्हाला कोरडी माती दिसते. तो टाच ठेवतो, तुमच्याकडे बघतो. तुम्हीही ठेवता. ओल. चिंबोरीचं बीळ, बाहेरून आत आलेलं, बोटाएवढं. तुम्ही सवयीने मूठभर चिखल घेऊन त्यावर थापायला वाकता, तर तो मनगट धरतो.

"तसा नको. आदी मोठा कर. वरशी बुजवलास त आतशी पानी चालूच ऱ्हाते."

मग तो फावड्याने ते बीळ खणत जातो, घट्ट माती लागेपर्यंत. बोटाएवढ्या भोकाचा हातभर खड्डा होतो. त्यात ताजा चिखल, थोडा भरून, टाचेने दाबून, पुन्हा थोडा, पुन्हा दाबून. तुम्ही जे चेंबूरला नळ्याने केलंत, तेच. तुम्हाला वाटायचं ते क्लबमध्ये शिकलात.

पाणी पिताना बोलणं निघतं ते खाडीपलीकडचं. तिकडे अलिबाग तालुक्यात चरीला 27 ऑक्टोबर 1933 पासून कुळांनी संप केला आहे. नारायण नागू पाटलांच्या मागे पंचवीसेक गावं उभी राहिली, जमीन कसायचीच नाही असं ठरलं. आणि राखलेली शेतं ओस पडली. आज या रांगेत कुणालाच माहीत नाही, की हा संप सहा वर्षं चालेल. तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही सांगत नाही. एक म्हातारा म्हणतो, बरोबर केलं. दुसरा म्हणतो, खायचं काय? तुमचा आजा काहीच म्हणत नाही. तो बांधाकडे बघतो. बांध शिलोत्रदाराच्या नावावर आहे, त्याच्या राखणीचं भात ही माणसं देतात, आणि राखायलाही तीच उभी आहेत. हे वाक्य कुणी मोठ्याने बोलत नाही, पण चिखलाच्या लाद्याबरोबर ते हातोहात पुढे सरकत असावं.

त्याच वर्षी श्रावणात तुम्हाला खांड बघावी लागते. नारळी पौर्णिमेच्या आसपासची दुपार, वारा पश्चिमेचा, पाणी बांधाच्या माथ्याला. आधी आवाज येतो, मडकं बुडवताना येतो तसा, बुडबुडा. मग बांधाचा एक तुकडा जणू बसतो, म्हातारा माणूस ओट्यावर बसावा तितक्या सावकाश. त्यानंतर काही सावकाश होत नाही. खाडी शेतात शिरते. पेंढा, खुंट, तिवराच्या फांद्या, एका घराचं दार, जे हाताला लागेल ते फटीत टाकलं जातं आणि वाहून जातं. पोरं मात्र खूष आहेत, भातात जिताडे उड्या मारताहेत. ओहोटी लागल्यावर तुमचा आजा शेतात उतरतो, मातीची चिमूट जिभेवर ठेवतो आणि थुंकतो. आता तीन वर्षं भात नाही. हा हिशेब पाऊणपटीसारखाच पक्का, त्याला कागद लागत नाही. त्या तीन वर्षांत घरातली माणसं मिठागरावर जातील, नाहीतर मुंबईला. गाव रिकामं करायची ही समुद्राची जुनी पद्धत. तुम्हाला वाटत होतं तुम्ही नोकरीसाठी गाव सोडलंत. तुमच्या घराची मुंबईची वाट त्या बुडबुड्यातून निघाली आहे.

भरती चढते. पुढची वर्षं भराभर जातात. 1948 मध्ये मुंबई सरकारचा खार जमीन कायदा येतो. बांध ही आता सरकारची योजना होऊ शकते, त्यासाठी मंडळ नेमलं जातं. 1 एप्रिल 1957, कूळकायद्याचा कृषक दिन. कसणारा मालक ठरतो, तुमचा बाप सातबाऱ्याचा कागद घडी न घालता घरी आणतो, कारण घडी घातली तर नाव पुसलं जाईल अशी त्याला भीती आहे. त्या दिवशी शिलोत्रदाराचं भात बंद झालं. त्याच्याबरोबर त्याची जबाबदारीही गेली, ही गोष्ट आनंदात कुणाच्या ध्यानात आली नाही. पनवेलच्या संशोधन केंद्रातून खारट जमिनीसाठी भाताच्या नव्या जाती येतात. 1979 मध्ये महाराष्ट्राचा नवा खारभूमी विकास कायदा. बांध आता खात्याचा. आणि ज्या वर्षी बांध खात्याचा झाला, त्याच्या आसपास कधीतरी जोळीला घरटी माणूस येणं थांबलं. कुणी ठरवून थांबवलं नाही. खात्याचं काम आपण का करायचं, हा प्रश्न रास्त होता. तुम्ही स्वतः तेव्हा चेंबूरला दुसऱ्याच्या गवताची गुंडी टाचेने दाबत होतात.

माझं मत विचाराल तर कायदे चुकीचे नव्हते. शिलोत्र जायलाच हवं होतं. पण बांध अंदाजपत्रकाने टिकत नाही. अंदाजपत्रक खांड पडल्यावर तयार होतं, आणि बांध टिकतो तो चिंबोरीचं बीळ बोटाएवढं असताना त्यावर कुणाची तरी टाच पडली म्हणून. या टाचेचा हुद्दा कुठल्याच कायद्यात लिहिलेला नाही.

जुलै 1989. तुम्ही क्षणभरच थांबता, आणि तेवढंही जड जातं. 23 आणि 24 तारखेचा पाऊस. अंबा नदी वर जांभूळपाड्याला माणसं घेऊन जाते, नागोठण्यात शिरते, आणि ते सगळं पाणी खाली याच खाडीकडे येतं. पौर्णिमा 18 तारखेला होऊन गेलेली, म्हणजे पाणी भांगाचं. समुद्र शांत होता. शेकडो वर्षं ज्याच्याकडे तोंड करून बांध उभा राहिला तो त्या दिवशी पेंगत होता, आणि पाठीमागून डोंगर आला.

नव्वदचं दशक. डोलवीला पोलादाचा कारखाना उभा राहतो, 2010 मध्ये तो मोठ्या समूहाकडे जातो, रात्रीचं आकाश नारिंगी होतं. जमिनीला भाव येतो. खाडीत बार्ज फिरू लागतात, आणि त्यांच्या लाटांनी बाहेरकाठे धुपतात अशी शेतकऱ्यांची तक्रार. 21 सप्टेंबर 2008 ला पेण तालुक्यातल्या 22 गावांत सरकारच लोकांना विचारतं, सेझला जमीन द्यायची का. रविवार असतो. तुम्ही चेंबूरला ग्रीनवर, कारण रविवारी खेळणारे जास्त. इकडे माणसं रांगेत उभी असतात, जोळीच्या रांगेसारखी, फक्त हातात चिखलाऐवजी मतपत्रिका.

आणि मग आजची सकाळ. दहा वाजून गेलेत.

उजेडात तुम्हाला जे दिसतं ते पहाटे बॅटरीत दिसलं नव्हतं. उघाडीपलीकडच्या खांडीत एक पट्टा आहे, जिथे मागे बांध फुटला आणि वेळेवर बांधला गेला नाही. तिथे भात नाही, तिवरं आहेत, पुरुषभर उंच, हिरवीगार. शेतात खारं पाणी राहिलं की तिवर आपणहून येतं, आणि एकदा आलं की त्याला हात लावता येत नाही. 2005 पासून न्यायालयाने कांदळवनाला संरक्षण दिलं आहे. संरक्षण हवंच, बांधापुढची तिवरंच तर लाटेचा जोर मोडतात. पण सातबाऱ्यावर भात आणि जमिनीवर जंगल, अशा शेताच्या मालकाने कुणाकडे जायचं? अठराव्या शतकात ज्यांनी खुंट ठोकले होते त्यांना हा पट्टा दाखवला, तर ते काही न विचारता ओळखतील. त्यांच्या हिशेबी इथे कामच सुरू झालेलं नाही.

तुमचा पुतण्या मोटरसायकल हायवेला लावून बांधावरून येतो. हातात डबा. "काका, कवाशी हुडकतोय. फोन का नाय उचलला?" तुम्ही सांगता, रेंज नव्हती. हे खोटं नाही. तो बांधावर बसतो, बोलत राहतो: खात्यात अर्ज दिलाय, मंजुरी आली की मशीन लावून काम होईल, पोकलेनने दोन दिवसांत. तुम्ही मान हलवता. पाणी चढतंय. खाडीच्या दाबाने उघाडीचं दार मघाशीच मिटलं.

तो बोलत असताना तुमची टाच थांबते.

वर काही दिसत नाही. तुम्ही पुन्हा दाबून बघता. मग आतल्या अंगाला उतरता, चपला काढता, वाकता. बोटाएवढं. तुम्ही पुतण्याला फावडं आणायला सांगता, तो म्हणतो एवढ्याशा भोकाला फावडं कशाला, आणि मूठभर चिखल उचलतो.

"तसं नको," तुम्ही म्हणता. "आधी मोठं कर."

तो तुमच्याकडे बघतो. उन्हात त्याची तुटलेली भुवई दिसते. मग तो डबा बांधावर ठेवतो आणि फावड्यासाठी घराकडे निघतो. त्याला जायला दहा मिनिटं, यायला दहा. सव्वाअकराला अजून पाऊण तास आहे. तुम्ही गुडघ्यावर बसून हातानेच उकरायला लागता.